कांतीची काळजी: मोह कीं कर्तव्य?

शरीराची निगा राखणें हा मोह आहे कीं कर्तव्य आहे, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. ज्वर आला तर औषध घ्यावें, भूक लागली तर जेवावें, याविषयीं कोणाचा मतभेद नाहीं. परंतु सकाळीं अंगाला तेल लावावें, थंडीच्या दिवसांत हातापायांस कांहीं स्निग्ध पदार्थ चोळावा, उन्हांत जातांना तोंड झांकावें, असें म्हटलें कीं लगेच दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, हे सारे नटवेपणाचे प्रकार आहेत. देह नश्वर, त्याचे चोचले कशाला? दुसरा पक्ष वादाच्या भरीस पडत नाहीं. तो सरळ बाजारांत जातो आणि महिन्याच्या किराण्याइतकी रक्कम मोजून बाटल्या व डब्या घेऊन येतो. गंमत अशी कीं, पुष्कळदां हे दोन्ही पक्ष एकाच घरांत, किंबहुना एकाच मनांत नांदत असतात. तेव्हां या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम विरक्तीचा आधार घेणाऱ्यांकडे वळूं. आपल्या प्राचीन वैद्यांपैकीं वाग्भटानें 'अष्टांगहृदया'च्या दिनचर्याध्यायांत अभ्यंग रोज करावा असें सांगितलें आहे. डोकें, कान आणि तळपाय यांस तेल विशेष करून लावावें, म्हणजे वार्धक्य व थकवा दूर राहतात, झोंप चांगली लागते, त्वचा निरोगी राहते, असें त्याचें प्रतिपादन. त्यापुढें व्यायाम, उटणें आणि स्नान यांचा क्रम येतो. डोक्यावर ऊन पाणी घेऊं नये अशी सूचनाही तेथें आहे. हा उपदेश नटनट्यांस केलेला नसून सामान्य गृहस्थास केलेला आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. आणि गृहस्थानें तो आपल्या परीनें पाळलाही. तान्ह्या मुलास तेल चोळून न्हाऊं घालणारी आजी, नरकचतुर्दशीच्या पहांटे पाटावर बसलेल्या मुलांच्या अंगास उटणें लावणारी आई, कोंकणांत टांचेच्या भेगांत कोकमाचें तेल पातळ करून भरणारी कष्टाळू बाई, यांपैकीं कोणासही आपण शृंगार करीत आहों असें वाटलें नाहीं. ज्या हातांनीं जातें पुसलें त्याच हातांनीं त्यांनीं हेंही काम केलें.

परंतु वाडवडिलांनीं केलें म्हणून तें योग्य, एवढ्यावर थांबणें बरें नव्हे. त्यांत तथ्य कोणतें, हें आजच्या शास्त्राच्या आधारें तपासून पाहिलें पाहिजे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा बनलेला असतो. विटांच्या भिंतींत चुना असावा त्याप्रमाणें या पेशींच्या दरम्यान स्निग्ध द्रव्यें असतात, आणि त्यांच्यामुळेंच शरीरांतील ओलावा आंत राहतो व बाहेरचे जंतु बाहेर राहतात. ही भिंत सतत झिजते आणि आंतून नवी होत जाते. साधारणपणें चार आठवड्यांत तिचा कायापालट होतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्लधर्मी असतो, तर नेहमींचा साबण क्षारधर्मी. कढत पाण्यानें आणि तीव्र साबणानें दिवसांतून दोनदोनदां अंग घासणारा मनुष्य आपण स्वच्छ होत आहों या समजुतीनें त्या भिंतींतला चुनाच धुऊन टाकीत असतो. मग हिंवाळ्यांत अंग उलतें, पांढरें पडतें, खाजूं लागतें.

यावरचा उपाय फार साधा आहे. पाणी कोमट असावें. स्नान लांबवूं नये. साबण जेथें घाम व मळ सांचतो तेथें लावावा, सर्वांगास घासूं नये. अंग टिपून घ्यावें, खरवडूं नये. आणि त्वचा थोडी ओलसर आहे तोंच तिला तेल किंवा साधें स्निग्ध मलम लावावें, म्हणजे आंतला ओलावा आंतच राहतो. ज्यांच्या तोंडावर मुरुमें येतात त्यांनीं मात्र जड तेल तोंडास लावूं नये. दुपारच्या उन्हांत जाणाऱ्यानें छत्री, टोपी किंवा पदर यांची लाज बाळगूं नये, आणि उन्हापासून रक्षण करणारें मलम मिळत असेल तर तेंही लावावें. याखेरीज पुरेशी झोंप घ्यावी, तंबाखू वर्ज्य करावी, आणि पानांत भाजी व फळें असावींत. झालें. या साऱ्या यादींत महाग असें फारसें कांहीं नाहीं. आणि आम्हांस वाटतें, तिची उपेक्षा होते ती याच कारणानें. जें स्वस्त आहे तें गुणकारी असेल यावर मोहाचा विश्वास बसत नाहीं.

२०१२ सालीं अमेरिकेंतील एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांत एका एकोणसत्तर वर्षांच्या गृहस्थाचें छायाचित्र प्रसिद्ध झालें होतें. त्यानें अठ्ठावीस वर्षें मालमोटार चालविली होती. त्या देशांत चालक डाव्या बाजूस बसतो, आणि खिडकीच्या कांचेंतून येणारें ऊन त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या अंगावर पडत राहिलें. परिणाम असा झाला कीं, डाव्या बाजूची त्वचा जाड, खोल सुरकुत्यांची झाली, आणि उजवी बाजू तिच्यापुढें कितीतरी तरुण दिसूं लागली. मनुष्य एकच, वय एकच, आहार एकच. फरक काय तो कामाचा व उन्हाचा. त्वचा ही आपल्या आयुष्याची चोपडी आहे. आपण कोठें उभे राहिलों, काय उचललें, कशांत हात बुडविले, याची नोंद ती निमूटपणें करीत असते.

या विवेचनावरून पहिल्या पक्षास उत्तर मिळतें. त्वचेची निगा हा चोचला नव्हे, कारण त्वचा हें शरीराचें कुंपण आहे. मधुमेह झालेल्या वृद्धाच्या टांचेस पडलेली भेग ही सौंदर्याची उणीव नसते. तींतून जंतूंचा शिरकाव होऊन कधींकधीं पाय गमावण्याची पाळी येते. अशा वडिलांचे पाय रोज पाहून, धुऊन, कोरडे करून त्यांस स्निग्ध मलम लावणारा मुलगा नटवेपणा शिकवीत नसून सेवा करीत असतो. जें वडिलांच्या पायांविषयीं खरें, तें स्वतःच्या हाताविषयीं खोटें कां मानावें? शरीर हें धर्माचें साधन होय असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. साधन गंजूं देणाऱ्यास कोणी विरक्त म्हणत नाहीं.

आतां दुसरा पक्ष. येथें आम्हांस थोडें कठोर बोलावें लागणार आहे. 'कांति' आणि 'रंग' हे दोन निराळे अर्थ आहेत. परंतु आपल्या समाजानें ते केव्हांच एक करून टाकले आहेत. नितळ म्हणजे गोरें, तजेलदार म्हणजे उजळ, असें समीकरण आपल्या बोलण्यांत इतकें रुळलें आहे कीं त्यांतील अन्याय आपल्या लक्षांतही येत नाहीं. शास्त्र पाहावें तर रंग निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या व काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती व कोणत्या प्रकारचें रंगद्रव्य बनवितात यांत. आणि तें रंगद्रव्य म्हणजे डाग नसून उन्हापासून रक्षण करणारी निसर्गदत्त छत्री आहे. आपण ती छत्री फाडावयास निघालों आहों.

ज्या महाराष्ट्रानें आपलें सारें प्रेम पंढरीच्या सांवळ्या विठोबावर ओतलें, त्याच महाराष्ट्रांत वधूवरांच्या टिपणांत 'रंग' या रकान्यापुढें 'निमगोरा' असा शब्द चांचरत लिहिला जातो. देव सांवळा चालतो. सून मात्र चालत नाहीं. या दुटप्पीपणावरच मोठमोठे व्यापार उभे राहिले. 'फेअर अँड लव्हली' हें मलम भारतांत १९७५ सालीं बाजारांत आलें, आणि २०२० सालीं त्याच्या नांवांतील गोरेपणाचा शब्द गाळण्यांत आला. शब्द गळला हें बरेंच झालें. पण ज्या हौसेवर तो शब्द जगला ती हौस नांवाबरोबर गळून पडत नाहीं.

आणि ही हौस निरुपद्रवी असती तर गोष्ट निराळी होती. त्वचा झटपट उजळविण्यासाठीं कांहीं मलमांत पाऱ्याचे क्षार घालतात. पारा रंगद्रव्याची उत्पत्ति रोखतो खरा, पण तो त्वचेंतून आंत शिरतो आणि मूत्रपिंडांवर घाला घालतो. २०१३ सालच्या मिनामाता करारानें अशा पारायुक्त मलमांचें उत्पादन व व्यापार २०२० पर्यंत बंद करावा असें ठरविलें. तरीही २०२३ च्या आरंभीं अकोल्याच्या एका कुटुंबांतील स्त्रियांचीं मूत्रपिंडें अशाच मलमानें बिघडल्याची वार्ता आपल्याच वर्तमानपत्रांतून आली. दुसरा प्रकार स्टेरॉइडयुक्त मलमांचा. वैद्याच्या सल्ल्यानें थोडे दिवस वापरल्यास तीं उपकारक असतात. परंतु गोरें होण्यासाठीं महिनोन्महिने तोंडास चोपडल्यास त्वचा पातळ होते, लाल पडते, आणि मलम थांबवितांच आग होऊं लागते. २०१८ सालीं सरकारनें अशीं अनेक मलमें चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असा नियम केला, तो कांहीं उगाच नव्हे.

तर मग काळजी व मोह यांच्यामधली रेषा कोठें ओढावी? आम्हांस एक कसोटी सुचते. काळजीला तृप्ति असते, मोहाला ती नसते. टांचेची भेग भरली कीं काळजीचें काम संपलें. मोहाचें काम संपत नाहीं, कारण तो त्वचेकडे आपल्या दृष्टीनें पाहत नसून परक्याच्या दृष्टीनें पाहत असतो, आणि परक्याची दृष्टि कधीं निवेल याचा हिशेब कोणासही मांडतां येत नाहीं. काळजी विचारते, 'ही त्वचा आपलें काम करिते कीं नाहीं?' मोह विचारतो, 'लोक काय म्हणतील?'

यावर कोणी म्हणेल, 'मुलगी स्वतःच तें मलम मागते. तिला उपदेश करा.' हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. रंगावरून माणसाची किंमत ठरविण्याची रीति त्या मुलीनें शोधून काढलेली नाहीं. ती बारशाच्या दिवशीं पाळण्यांत डोकावून 'रंग आईवर नाहीं गेला' असें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून तिला मिळाली. छायाचित्र पाहून परत करणाऱ्या वरपक्षाकडून मिळाली. दुकानांत ती डबी उचलते तेव्हां तिच्या हातामागें आपणां सर्वांचे हात असतात. तेव्हां उपदेश करावयाचाच असेल तर तो आधीं आपल्या जिभेस करावा.

आणखी एक गोष्ट राहिली. ती आम्हांस स्वतःच्याच घरीं कळली. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंच्या बोटांना चिरा पडून रक्त येत असलेलें एका सकाळीं दृष्टीस पडलें. आम्ही त्यांस मावशी म्हणतों. किती दिवसांपासून हें आहे, असें विचारतां त्या म्हणाल्या, 'दरसाल थंडींत होतं, त्याचं काय एवढं!' त्याच वेळीं आमच्या फळीवर हातास लावावयाच्या मलमाच्या दोन डब्या होत्या. आमचे हात मऊ होते याचें कारण त्या डब्या नव्हत्या. आमच्या वांट्याचें थंड पाणी आणि भांड्यांचा साबण दुसऱ्या कोणाच्या हातांनीं सोसला होता, हें खरें कारण होतें. नात्याचें नांव आम्हीं दिलें होतें, पण नात्यास साजेशी चौकशी आम्हांस इतक्या वर्षांत सुचली नव्हती. त्या दिवशीं आम्हीं रबरी हातमोजे, सौम्य साबण आणि मलमाची एक डबी आणली. यांत औदार्य कांहीं नाहीं; उशीर मात्र पुष्कळ झाला होता.

वाग्भटाच्या ज्या अध्यायाचा आम्हीं आरंभीं उल्लेख केला, तो तेलाच्या अभ्यंगावर संपत नाहीं. स्नान व आहार सांगून झाल्यावर तो वागणुकीकडे वळतो, आणि किडामुंगीकडेही आपल्यासारखेंच पाहावें असें सांगतो. पूर्वीं आम्हांस वाटे कीं वैद्यकाच्या ग्रंथांत हा नीतीचा उपदेश जरा विषय सोडूनच आला आहे. आतां तसें वाटत नाहीं. ज्याला आपल्या अंगाची भेग दुखते, त्याला दुसऱ्याच्या अंगाची भेग दिसूं लागावी, हीच दिनचर्येची स्वाभाविक पुढची पायरी असली पाहिजे. तेल रोज लावावें, हातपाय जपावे, ऊन टाळावें. यांत संकोच करण्याचें कारण नाहीं. मात्र आपली डबी बंद करून फळीवर ठेवण्यापूर्वीं घरांत आणखी कोणाचे हात उलले आहेत, एवढें एकदां पाहून घ्यावें.