हिशेब हीही पूजाच



एकनाथ महाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी सारी रात्र जागले, ही कथा आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चूक सापडताच नाथांनी आनंदाने टाळी वाजविली. त्या आवाजाने जागे झालेले स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर इतका हर्ष. मग साऱ्या जन्माची चूक सापडेल तेव्हा तो केवढा होईल! कीर्तनकार येथून परमार्थाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र आज त्या पैपाशीच क्षणभर थांबू इच्छितो.

ती पै कोणाची होती? नाथांची नव्हे, स्वामींचीही नव्हे. स्वामी किल्ल्याचे अधिकारी. पै खजिन्याची, म्हणजे अखेर रयतेची. जी आपली नाही तिच्यासाठी नाथांनी झोप सोडली. नाथांची ही भक्तीच होती. देवासमोर डोळे मिटणे सोपे असते. परक्याच्या पैशावर डोळे उघडे ठेवणे कठीण असते.

राज्यकारभारासही हाच नियम लागू आहे. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. रयतेच्या भाजीच्या एका देठाचाही मोह धरू नये, अशी ताकीद त्यात आहे. सुभेदारास जाब विचारणारा राजा तेव्हा गडावर होता. २६ जानेवारी १९५० पासून मात्र या देशात राजा कोणी एक उरला नाही. आपण सर्व मिळून राजे झालो. मग सुभेदारास जाब विचारण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर निराळे सांगावयास नको.

हे उत्तर राजस्थानातील गरीब मजुरांनी आपल्या आधी ओळखले. दुष्काळी कामांवर राबूनही त्यांस ठरलेली मजुरी मिळत नसे, आणि हजेरीपट मागितला तर ते सरकारी दप्तर आहे असे सांगितले जाई. १९९० साली त्यांनी मजदूर किसान शक्ती संघटन उभारले. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी पहिली जनसुनवाई भरली व सरकारी कागद चारचौघांत मोठ्याने वाचले गेले. जे कधी कामावर आलेच नव्हते, त्यांची नावे हजेरीपटावर निघाली. चोरी पकडण्यास तेथे ना शस्त्र लागले ना सत्ता. कागद उघडला, एवढेच पुरले. पुढे १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. आपल्या गोव्याने १९९७ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून साऱ्या देशासाठी तसा कायदा अंमलात आला. दहा रुपयांचा अर्ज करावा. कारण सांगण्याची गरज नाही. सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. कोणी मागण्याची वाट न पाहता कार्यालयांनी आपला खर्च आपण होऊन प्रकट करावा, असेही याच कायद्याचे चौथे कलम सांगते.

हा अधिकार स्वस्तात टिकलेला नाही. तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांतील गैरप्रकार याच कायद्याने उजेडात आणणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी हत्या झाली. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत व वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. पूर्वी हे कायद्यातच निश्चित होते. ज्याने सरकारला जाब विचारावयाचा, त्याचे आसन सरकारच्या हाती असू नये, असे आम्हांस वाटते. वापरात नसलेली समई काळवंडते, तसेच न वापरलेल्या अधिकाराचे होते.

कोणी म्हणेल, हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे. तसे नव्हे. दामाजीपंतांच्या कथेत प्रत्यक्ष पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाच्या खजिन्यात पैसे भरले. पण पावती घेतल्याखेरीज तो परतला नाही! त्या पावतीनेच दामाजीपंत निर्दोष ठरले. उघडा हिशेब चोरास जाचतो, सज्जनास मात्र तो कवच असतो.

पुजाऱ्याच्या घरी वाढलेल्या आम्हांस एक गोष्ट नेहमी खटकते. देवस्थानच्या सभेत तेलाच्या डब्याचा खर्च विचारणारे महाजन आपल्या ग्रामसभेत लाखोंच्या रस्त्याविषयी चकार शब्द काढीत नाहीत. देवाच्या तेलाची चौकशी जितकी पवित्र, तितकीच गावाच्या रस्त्याची. आणि काम लवकर व्हावे म्हणून आपणच टेबलाखालून चिरीमिरी सरकविली, तर कारकुनास दोष देण्याचा अधिकार आपणांस उरत नाही. घेणारा एक हात असतो, पण देणारा दुसरा हात आपलाच असतो.

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच : येत्या ग्रामसभेस प्रत्येक घरातून एकाने तरी जावे, पंचायतीच्या एका कामाचा हिशेब पाहावा आणि एक प्रश्न शांतपणे, नाव घेऊन कोणास न दुखविता विचारावा. उत्तर मिळेपर्यंत तो सोडू नये. नाथांनी एका पैसाठी रात्र घालविली. आपण गावासाठी एक सकाळ द्यावी. हिशेब चोख निघाला तर समितीचे मनापासून अभिनंदन करावे. न निघाला तर अर्ज लिहावा. दोन्हींत गावाचे कल्याणच आहे.

देव आपणां सर्वांस ती जागृती देवो.