थर खरवडण्याआधी

दिवाळी जवळ आली की सुरतेतल्या भेस्तान, उधना, लिंबायत, पांडेसरा इथल्या खानदेशी घरांत रंगकाम निघते. भिंतीवरचे जुने दाणेदार टेक्स्चर, छताचा खडबडीत थर, त्याखाली ऑइलपेंटचे दोन-तीन हात. हे सारे खरवडून काढायचे की वरून पुट्टी भरून, नाहीतर नवे छत लावून झाकायचे, याचा निर्णय बहुधा रंगाऱ्याच्या दरावर होतो. माझ्या मते हा आधी धर्माचा प्रश्न आहे. खरवडले म्हणजे शुद्धी आणि झाकले म्हणजे लबाडी, असे आपल्या मनात पक्के बसले आहे, आणि तिथेच आपण चुकतो. थर शाबूत असेल तर त्याला हात न लावणे हेच अहिंसेला धरून आहे. झाकण्यात असत्य शिरते ते पुढच्या माणसाला सांगायचे टाळले तरच.

त्या थरात काय असते ते पाहू. पश्चिमेकडच्या देशांत गेल्या शतकात छताच्या टेक्स्चरमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळत असत; ब्रिटनने 1999 मध्ये त्याच्या वापरावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे ते मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांतून घरावर आले आणि आजही येते. भिंतीवरच्या जुन्या ऑइलपेंटात शिसे असू शकते, कारण घरगुती रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर 2017 पासून. वाळू-सिमेंटच्या लेपात सिलिका असते. भिंतीत घट्ट बसलेली असेपर्यंत ही तिन्ही द्रव्ये बहुतेक गप्प असतात. रंगारी पत्री चालवू लागला, कोरड्या पॉलिश पेपरने घासू लागला, की तीच हवेत उठतात. त्याच्या तोंडावर गमछा असतो. त्यातून जाडी धूळ अडते, पण फुफ्फुसात खोल जाऊन रुतणारे बारीक कण अडत नाहीत. ॲस्बेस्टॉसचा आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षे जातात. तोवर भिंत कोणाची होती हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. शिशाची धूळ फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते.

पतंजलींनी शौच नियमांत ठेवले आणि अहिंसा यमांत, तीही सर्वांत पहिली. व्यासभाष्याने तर बाकीचे यम-नियम अहिंसेच्याच मुळावर उभे केले. हा क्रम मोलाचा आहे. दुसऱ्याच्या श्वासावर उभी राहिलेली स्वच्छता शौच ठरू शकत नाही. सुरतेच्या जैन शेजाऱ्यांची परंपरा हे अधिक बारकाईने सांगते. घरसंसार चालवताना थोडी हिंसा अटळ आहे हे ती मान्य करते, पण विनाकारण होणाऱ्या हिंसेला अनर्थदंड म्हणते आणि श्रावकाला ती सोडण्याचे व्रत देते. मजबूत बसलेला थर निव्वळ जुना दिसतो म्हणून कोरडा घासून काढणे यात मोडते. छत पोपडे धरून गळत असेल, ओल येऊन थर सुटत असेल, तर काढणे अटळच. तेव्हा यत्न हवा. आधी पाणी मारून थर भिजवणे, घरातली माणसे बाहेर ठेवणे, रंगाऱ्याला योग्य मास्क देणे, निघालेला चुरा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने गोळा करणे. पत्र्याच्या बाबतीत तर कापाकापी आणि ड्रिल टाळलेलेच बरे.

कोणी म्हणेल, 2022 मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर काढले आणि मूळ रूप समोर आले. मग भिंतीचे मूळ रूप का नको? पण तिथे मूर्तीच्या जतनासाठी तज्ज्ञांनी काम केले आणि त्या काळात मंदिर दर्शनाला बंद होते. कारण होते, काळजीही होती. हाच निकष घराला लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप असा की रंगारी राजीखुशीने काम घेतो, त्याला मजुरी हवी असते. मजुरी हवीच, पण थरात काय आहे हे ज्याला सांगितलेच नाही त्याच्या होकाराला संमती कशी म्हणायची? अहमदाबादच्या ग्राहक संस्थेच्या याचिकेवर जानेवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगाराचे आरोग्य जगण्याच्या मूलभूत हक्कात धरले आणि त्याच्या तपासणीच्या नोंदी किमान 40 वर्षे जपण्यास सांगितले. तो निकाल कारखान्यांपुरता होता, पण फुफ्फुस कारखान्यात आणि खोलीत वेगळे नसते.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे: झाकणे म्हणजे धोका पुढच्या पिढीच्या गळ्यात घालणे. हे खरे आहे, आणि म्हणूनच नोंदीशिवाय झाकणे मला मान्य नाही. कोणत्या भिंतीवर कोणत्या वर्षी काय झाकले, हे घराच्या फाइलीत करपावत्यांशेजारी लिहून ठेवावे. घर विकताना तो कागद घेणाऱ्याच्या हाती द्यावा, खोली भाड्याने देताना भाडेकरूला वाचून दाखवावा, म्हणजे खिळा कुठे ठोकायचा नाही हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल.