उपदेशाआधी श्रवण



'समुपदेशन' हा शब्द आता शाळेपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र ऐकू येतो. या शब्दाच्या पोटात 'उपदेश' आहे. परंतु हे शास्त्र शिकविणारे प्रथम सांगतात ते असे की, उपदेश करू नका, ऐका. मग प्रश्न उभा राहतो. ज्याला धर्म-अधर्म कळतो, त्याने समोरच्याची चूक ऐकूनही तिचा निवाडा करू नये, हा धर्म की कर्तव्यच्युती? मठात बसणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही आणि ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनाही टाळता येणार नाही.

हैदराबादेत चिक्कडपल्लीला शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तेथे दिवसभर वाचीत बसतात. जवळच्या अशोकनगरात त्यांची वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग आहेत. अशा एखाद्या मुलाचा घरी फोन येतो, "बाबा, अभ्यासात मन लागत नाही." आपण लगेच म्हणतो, "अरे, इतरांकडे बघ. मन घट्ट कर. देवाचे नाव घे." हेतू चांगलाच असतो. मुलाला मात्र एवढेच समजते की, आपले म्हणणे येथे कोणी ऐकून घेत नाही. पुढच्या वेळी तो "सगळे ठीक आहे" म्हणून फोन ठेवतो. आपला उपदेश तर वाया जातोच, शिवाय मुलाचे बोलणेही थांबते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) यांनी या विषयाचा आयुष्यभर विचार केला. तरुणपणी ते धर्मोपदेशक होण्यासाठी न्यूयॉर्कच्या धर्मविद्यालयात गेले होते, पुढे मानसशास्त्राकडे वळले. ऐकणाऱ्याच्या ठिकाणी तीन गुण हवेत, असे त्यांनी १९५७ च्या निबंधात मांडले. ऐकणारा आत-बाहेर एकच असावा, त्याने समोरच्या माणसाचा विनाअट स्वीकार करावा आणि समोरच्याचे जग त्याच्याच डोळ्यांनी पाहावे, पण आपले भान सोडू नये.

येथे तुम्ही विचाराल, स्वीकार म्हणजे संमती का? नव्हे. दारू पिणाऱ्याचे दुःख ऐकणे म्हणजे दारूला मान्यता देणे नव्हे. स्वीकार माणसाचा असतो, कृत्याचा निवाडा निराळा. माणूस निवाड्याच्या भीतीतून सुटला म्हणजे पुष्कळदा स्वतःच आपल्या कृत्याकडे पाहू लागतो.

तरीही एक आक्षेप उरतो. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर आणि रॉजर्स यांचा १८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठात जाहीर संवाद झाला. मदत मागणारा आणि मदत करणारा एका पातळीवर नसतात, असे बूबर म्हणाले. आम्हाला यात तथ्य वाटते. भक्त पायाशी बसतो आणि स्वामी आसनावर. म्हणूनच आसनावरच्याने अधिक जपावे, कारण त्याचा साधा हुंकारही भक्ताला निकालासारखा वाटतो. बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभवमंटपात निरनिराळ्या कायकांच्या स्त्री-पुरुषांनी आपले अनुभव मांडले, असे परंपरा सांगते. वचन म्हणजे बोललेले. ते कोणी लक्षपूर्वक ऐकले, म्हणूनच ते पुढे आले.

हे ऐकणे शिकता येते. तिघांनी बसावे. एकाने आपली खरी पण लहानशी अडचण सांगावी, दुसऱ्याने ऐकावी आणि तिसऱ्याने केवळ निरीक्षण करावे. मग जागा बदलाव्यात. ऐकणाऱ्याने मध्ये तोडू नये, आपली कहाणी सांगू नये, "असे का केलेस?" असे विचारू नये. जे समजले ते आपल्या शब्दांत सांगून "असेच म्हणायचे आहे ना?" असे विचारावे. ही पोपटपंची नव्हे. आपली समजूत बरोबर आहे की नाही, हे तपासणे हाच रॉजर्स यांच्या मते तिचा हेतू. बोलणारा थांबला तर आपणही थांबावे. ते मौन भरून काढण्याची घाई बहुधा आपल्याच अस्वस्थतेतून येते.

मर्यादाही ओळखावी. कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलला, तर "आत्महत्येचे विचार येतात का?" असे सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर 'होय' आले तर त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. अशा वेळी गुपित राखण्यापेक्षा जीव राखणे मोठे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. 'उप' म्हणजे जवळ आणि 'दिश्' म्हणजे दाखविणे. जवळ जाऊन दाखवावे, तो उपदेश. जो जवळ गेलाच नाही, त्याने दुरून बोट दाखविले तर त्याला उपदेश म्हणता येत नाही. ऐकताना निवाडा बाजूला ठेवणे ही कर्तव्यच्युती नव्हे, ती उपदेशाची पहिली पायरी आहे. ऐकून झाल्यावर कधी सांगण्याची गरज उरते, कधी उरतही नाही. आज घरी कोणी काही सांगू लागले, तर त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबून पाहा.