एकटेच निघालात?

सायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून, मागे तंबूची गुंडाळी बांधून निघालं की वाटेत दोन प्रश्न हमखास येतात. कुठून आलात, आणि एकटेच निघालात? पहिल्याचं उत्तर ऐकून लोक कौतुक करतात. दुसऱ्याचं ऐकून क्षणभर गप्प होतात आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "घरी सगळं बरं आहे ना?"

या काळजीत खोट नाही. आपल्याकडे माणूस एकटा दिसला की त्याचं काहीतरी बिनसलंय असंच धरून चालतात. शहरात अलीकडे याच्या अगदी उलट समज रुजलाय: एकट्यानं फिरणं म्हणजे कुणावाचून काही न अडणं, स्वतःच्या बळावर जगून दाखवणं. मला दोन्ही समज अपुरे वाटतात. रेवस ते रेडी या सागरी रस्त्यावर तंबू घेऊन बरेच हिवाळे फिरल्यावर माझं मत असं झालंय की एकटा सायकलवाला चारचौघांत फिरणाऱ्यापेक्षा जास्त माणसांच्या आधारानं पुढे जातो. त्याला जो एकांत लाभतो, तोही या आधारामुळेच.

हा रस्ता सायकलला सोपा नाही. नकाशात तो समुद्राला लगटून जातो. प्रत्यक्षात दर खाडीला पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. बाणकोट, दाभोळ, जयगड इथल्या खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या. सामान लादलेली सायकल चढाला ताशी सहा-सात किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि त्या वेगात पडवीत बसलेल्या माणसाकडे बघून न बोलता पुढे जाणं जमतच नाही. सड्यावर सावली नाही, पाणी नाही. बाटल्या रिकाम्या झाल्या की कुणाच्या तरी अंगणात शिरावंच लागतं. आणि दिवस कलला की खरं विचारणं सुरू होतं: इथं रात्रीपुरता तंबू लावला तर चालेल का? कुणाला विचारायचं तेही आधी शोधायचं. कुठे देवळाचे गुरव, कुठे शाळेतले गुरुजी, कुठे पोलीस पाटील.

पगारदार शहरी माणसाची मागण्याची सवय पार मोडलेली असते. पैसे मोजले की वस्तू मिळते, तोंड उघडावं लागत नाही. त्यामुळे पहिले काही दिवस पाठीवरच्या उन्हापेक्षा या मागण्याचाच त्रास अधिक होतो. पाण्याचे पैसे पुढे केले तर समोरचा दुखावतो. नुसतं घ्यायचं, बसायचं, दोन शब्द बोलायचे, एवढीच परतफेड त्याला हवी असते. नर्मदा परिक्रमेनं ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे. जवळ पैसा न बाळगता निघायचं, वाटेत सदावर्त किंवा माधुकरी घ्यायची, अशी तिथली जुनी रीत. परिक्रमावासी दिवसभर कुणाशी न बोलता चालत असला तरी त्याचा तो एकांत दोन्ही तीरांवरच्या गावांनी मिळून सांभाळलेला असतो. अमेरिकेत हेन्री थोरो १८४५ ते १८४७ या काळात वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहिला. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती, गाव चालत जाण्याच्या अंतरावर होतं, आणि आल्यागेल्यासाठी आत जास्तीच्या खुर्च्या होत्या. यावरून त्याला ढोंगी ठरवणारे आजही भेटतात. मला तो आरोप मुळातच चुकीचा वाटतो. माणसांची ये-जा असलेल्या घरात राहूनही त्यानं जो एकांत जपला, तो अस्सल होता.

याच रस्त्यानं मी मित्रांबरोबरही गेलो आहे, आणि ते दिवस मला अतिशय प्रिय आहेत. पण गट आपल्याभोवती आपलं घर घेऊन फिरतो. चहाच्या टपरीवर आम्ही आमच्यातच बोलत होतो, आमच्याच जुन्या गोष्टींवर हसत होतो. टपरीवाल्या काकांशी बोलणं झालं ते फक्त किती चहा, एवढंच. तिथंच एकट्यानं थांबलो तेव्हा काकांनी स्वतःहून बाकड्यावर जागा केली. एकट्या माणसाशेजारी एक जागा रिकामी असते, आणि लोकांना ती दिसते.

मुंबईच्या सायकलस्वारांच्या इतिहासात याचं एक विलक्षण उदाहरण आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. वाटेत एकेक गळत गेला आणि १९२८ मध्ये आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच प्रदक्षिणा पुरी करून परतले. दरम्यान १९२४ मध्ये फ्रामरोज दावर एकटाच मुंबईहून निघाला होता. व्हिएन्नात त्याला गुस्ताव श्तावजानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला आणि त्याच्याबरोबर निघाला. कालपर्यंत एकमेकांचं नाव माहीत नसलेल्या या दोघांनी मिळून सहारा ओलांडलं, अँडीज पार केला, ॲमेझॉनच्या जंगलातून वाट काढली. दोन प्रवासांवरून नियम बांधता येत नाही, हे मला कळतं. पण दावर व्हिएन्नात पाच-सहा दोस्तांच्या घोळक्यात पोचला असता, तर त्या ऑस्ट्रियन तरुणाला त्याच्याबरोबर निघावंसं वाटलं असतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

माणसं भेटतात, हे झालं दिवसाचं. सूर्य मावळल्यावरचं वेगळं आहे. तंबू लागतो, चेनवरची धूळ पुसून तेल सोडून होतं, चूल पेटवून भात होतो, आणि तरी जेमतेम साडेसात वाजलेले असतात. त्यानंतर करण्यासारखं काहीच उरत नाही. सुरुवातीच्या रात्री हा वेळ अंगावर येतो. मनात जुनी भांडणं निघतात, कुणाला काय सुनवायला हवं होतं ते आठवतं, हात फोनकडे जातो. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं बसवलं. सोबत फक्त एक बटण, दाबलं तर विजेचा सौम्य झटका देणारं. तो झटका टाळायला आपण पैसेसुद्धा मोजू, असं आधी सांगणाऱ्या अठरा पुरुषांपैकी बारांनी आणि चोवीस बायकांपैकी सहाजणींनी बटण दाबलं. तंबूतली पहिली रात्र काढलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

मग पुढच्या रात्री सोप्या का होतात? निव्वळ सवयीनं, असं मी मानत असे. गुहागर तालुक्यातल्या एका देवळापाशी मुक्काम केला त्या संध्याकाळनंतर मला ते उत्तर पुरेसं वाटेनासं झालं. तंबू लावायला सभामंडपामागची जागा मिळाली होती. शेजारच्या घरातल्या आजींनी नातवाच्या हाती ताट पाठवलं: उकड्या तांदळाचा भात, वर कुळथाचं पिठलं, कडेला भाजलेला पापड. थोड्या वेळानं त्या स्वतःच मोड आलेल्या वालांची परात घेऊन आल्या आणि पायरीवर बसून बिरडं सोलू लागल्या. "जेव तू सावकाश," एवढंच म्हणाल्या. मी जेवलो, ताट घासून पालथं घातलं, वही काढून दिवसाचं टिपण करत बसलो. भिजलेल्या वालाचं साल अंगठ्यानं दाबून सुटलं की दाणा टपकन परातीत पडायचा. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. त्या उठून गेल्यावरही रात्रभर मनाची कलकल झाली नाही.

डोनाल्ड विनिकट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकानं १९५८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. एकटं राहता येणं ही प्रौढपणाची मोठी खूण आहे आणि मूल ते आईजवळ असताना शिकतं, असं त्यात त्यानं मांडलं आहे. आई जवळ आहे, पण मुलाच्या खेळात हात घालत नाही. मूल आपल्यात रमलंय, आणि ती आहे याची खात्री त्याच्या मनात मुरते. पुढे आई समोर नसतानाही ही खात्री साथ देते. हा विचार मी आधी वाचला होता, पटलाही होता. पण त्या पायरीपाशी बसेपर्यंत, मोठ्या वयातही ती खात्री अधूनमधून कुणीतरी नव्यानं भरून द्यावी लागते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ज्याला लहानपणी ती मिळालीच नाही, त्याला "जरा एकटा फिरून ये, बरं वाटेल" असा सल्ला देणं मला म्हणूनच क्रूर वाटतं. त्याला आधी जवळ बसणारं कुणीतरी हवं.

सोबत म्हणजे सतत बोलणं, सतत विचारपूस, हा आपल्या घरांतला मोठा गैरसमज आहे. आज तो फोनवरून तंबूतही पोचतो. कुठे आहेस, जेवलास का, लोकेशन टाक. घरच्यांची धास्ती खोटी नसते. संध्याकाळी एकदा ठिकाण कळवून फोन बंद करायचा, हे घरी समजावून सांगायला मला वेळ लागला. पण त्यानंतर एकेका फोनवर आम्ही जे बोललो, ते रोज एका छपराखाली राहून वर्षानुवर्षं बोललो नव्हतो.

आता या सगळ्यातली जी गोष्ट मला छळते, तिच्याकडे येतो. मी पुरुष आहे. गावात आडनाव विचारलं जातं आणि माझं आडनाव ऐकून कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. ज्याच्या बाबतीत ती पडते, त्याला सभामंडपामागची जागा इतक्या सहज मिळेल असं मी म्हणू शकत नाही. बाईचं तर आणखीच अवघड. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं विशीतच सायकलवरून जगप्रदक्षिणा पूर्ण केली, त्यातला बराचसा प्रवास एकटीनं. स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटण्यात आलं, तरी ती पुढे निघाली. तिचं धैर्य मोठंच आहे. पण एका रात्रीच्या एकांतासाठी एवढं धैर्य लागावं, हे मला मान्य नाही.

आणि अशा अडचणीसाठी परदेशी जायलाही नको. आपल्याकडच्या कित्येक लॉजमध्ये आणि भक्तनिवासांत एकट्याला खोली मिळत नाही; बाई असेल तर बहुधा नाहीच. असाच एकदा भर पावसात मला परत पाठवण्यात आलं. काउंटरवरच्या माणसानं कारण लपवलं नाही: पूर्वी एकानं खोलीत जीव दिला होता, पोलिसांच्या चौकशा महिनाभर चालल्या होत्या. त्याची भीती मला समजते. पण ज्याच्या मनात खरोखरच तसं काही असेल, त्याला रात्री रस्त्यावर परत पाठवून कुणाचा जीव वाचतो? खोली द्यावी, जेवणाच्या वेळी दारावर टकटक करावी, चहाला खाली बोलवावं. आजींनी मला जे दिलं, तेच कमीअधिक प्रमाणात एखाद्या मॅनेजरलाही देता येईल.

किनाऱ्यावरच्या बऱ्याच देवळांशेजारी जुन्या धर्मशाळा अजून उभ्या आहेत. दाराला कुलूप, आत सप्त्याची पातेली आणि मांडवाचे बांबू. ग्रामपंचायतीनं त्यातली एक खोली मोकळी करावी. आतून लागणारी भक्कम कडी, एक नळ, एक दिवा, आणि नाव-गाव नोंदवायला वही, एवढ्यानं भागेल. वहीत आडनावाचा रकाना नसला तरी चालेल. मग एकटी बाईसुद्धा या रस्त्यानं सायकल घेऊन जाऊ शकेल, आणि सकाळी किल्ली परत देताना कुणाच्या पडवीत चहाला टेकायचं की तशीच पुढे निघायचं, हे तिचं तिला ठरवता येईल.