पहिले शील आणि पाण्याचे पिंप

प्रश्न साधा आहे, पण त्याने मला आठवडाभर झोपू दिले नाही. रविवारी विहारात वंदना आटोपली, त्रिसरण-पंचशील झाले, माणसे चपला शोधू लागली, आणि आमच्या वस्तीतली एक वयस्कर मावशी जवळ येऊन म्हणाली, "सर, आपण इथं हात जोडून म्हणतो, जीव मारणार नाही. अन् घरी गेलं की ढेकूण चिरडतो, उंदराला गोळी ठेवतो. मंग चौथं शील बी मोडलंच की." खोटे न बोलण्याचे शील तिच्या बरोबर ध्यानात होते. वर्गात उत्तर आले नाही की "उद्या सांगतो" म्हणायची आम्हा शिक्षकांना सवय असते. मी तिला "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणालो.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच गोष्ट चक्षुपाल थेरांची आहे. ते अंध होते. पाऊस पडून गेलेल्या रात्री ते चंक्रमण करीत असता पायाखाली पुष्कळ किडे मेले. सकाळी ते पाहून काही भिक्खूंनी भगवंतांकडे तक्रार नेली. भगवंतांनी विचारले, चक्षुपालांना किडे मारताना तुम्ही पाहिलेत काय? नाही. मग तसेच चक्षुपालांनीही किड्यांना पाहिले नाही. मारण्याची चेतना नाही, म्हणून दोष नाही. अट्ठकथाकार हिंसेची पाच अंगे सांगतात: तो जीव असणे, जीव आहे हे ठाऊक असणे, मारण्याची चेतना, त्यासाठी प्रयत्न, आणि त्या प्रयत्नाने आलेले मरण. आता कंदील घेऊन बाजेच्या सांध्यात ढेकूण शोधणाऱ्या मावशीला ही पाचही अंगे लागू पडतात. चक्षुपालांचे आंधळेपण आपल्याला उसने घेता येत नाही.

इथे बाबासाहेब मदतीला येतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात त्यांनी तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम पाळायचा किंवा मोडायचा, एवढेच दोन मार्ग असतात. तत्त्व माणसाला विचार करून वागण्याचे स्वातंत्र्य देते. अहिंसा हे बुद्धांचे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. म्हणूनच मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्या दोन गोष्टी बाबासाहेब वेगळ्या ठेवतात.

हे वाचून माझे समाधान झाले असे मला क्षणभर वाटले. पण 'गरज' हा शब्द फार सोयीचा आहे. फवाऱ्याचा डबा विकत घेणारा प्रत्येक जण गरज म्हणूनच घेतो. तेव्हा खरी गरज कोणती आणि आळसाला दिलेले गरजेचे नाव कोणते, हे ओळखायचे कसे? त्यासाठी आपल्याच शहरातले उदाहरण घ्या.

पैठणला जायकवाडीचा एवढा मोठा जलाशय, आणि इथे छत्रपती संभाजीनगरात वर्षानुवर्षे अनेक वस्त्यांनी पाच-पाच, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी आलेले पाहिले आहे. अशा घरात पाणी साठवण्यावाचून इलाज नसतो. पिंप, ड्रम, हंडे, जुन्या बादल्या, जे मिळेल ते भरायचे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा ह्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यालाच जास्त पसंती देतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्याकडच्या उष्णतेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे नळाची पाळी आणि डासाची पाळी जवळजवळ एकच! ज्याच्या घरी रोज पाणी येते त्याच्या घरी ड्रमच नाही. पाण्याची विषमता अशी डासाच्या रूपाने आपल्या पोराच्या अंगावर बसते, आणि मग आपण त्या डासाशी शिलाचा वाद घालीत राहतो.

ड्रम रिकामा केला तरी काम संपत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेपाशी आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडे नुसते पालथे न घालता आतून काथ्याने खसखसून घासले पाहिजे, आणि भरल्यावर घट्ट विणीचे फडके ताणून बांधले पाहिजे. धुराची गाडी गल्लीतून गेली की पोरे तिच्यामागे नाचतात आणि मोठी माणसे निश्चिंत होतात. पण तो धूर फार तर उडते डास मारतो, ड्रममधल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे फडके असते, ते पाण्यातले जीव पोटात जाऊन मरू नयेत म्हणून. आपल्या ड्रमवरचे फडके, जो जीव पुढे मारावा लागेल तो जन्मूच नये म्हणून. मला तर ही दोन फडकी एकाच कापडाची वाटतात. ते बांधल्यानंतरही जो डास आत येतो, त्याच्यापुरती गरज खरी.

ढेकणांचेही तेच. बाज, गोधड्या कडक उन्हात टाकाव्यात, सांध्यांत उकळते पाणी ओतावे, भिंतीच्या भेगा लिंपाव्यात. पाण्याने ढेकूण मरतातच, ते मी लपवीत नाही. पण लेकराच्या अंथरुणात विष जात नाही. उंदरासाठी आधी बिळे आणि मोऱ्या बुजवाव्यात. करंगळी जाईल एवढ्या भोकातून चिचुंदरी नाही तरी उंदराचे पिल्लू सहज येते. धान्याला पत्र्याची कोठी हवी. आणि मावशी ज्या गोळ्या म्हणाली त्यांची तर मला धास्तीच वाटते. धान्याच्या कोठारात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ओल लागताच विषारी वायू सोडतात, त्या वायूवर उतारा नाही. सामान्य माणसाला त्या विकू नयेत असा नियम आहे, तरी त्या मिळतात. बंद खोलीत त्या ठेवून झोपणे म्हणजे उंदराच्या आधी स्वतःच्या लेकरांना पणाला लावणे होय.

आता दुसरी बाजू, जी आपल्या समाजाने तरी विसरू नये. जीव न मारण्याचा अभिमान मिरवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या अंगणातले मेलेले कुत्रे उचलायला, गोठ्यातले ढोर ओढायला कोणाला हाक जात असे? हात त्यांचे स्वच्छ राहिले, कारण दुसऱ्याचे हात राबले. विषाचेही तसेच आहे. माझे वडील दुसऱ्याच्या कपाशीवर रोजाने फवारणी करीत. तोंडाला रुमाल, पाय उघडे, पाठीवर गळका पंप. संध्याकाळी त्यांच्या हाताची भाकरी कडू लागे म्हणून आई घास भरवी. आणि औषधाचा रिकामा डबा धुऊन आमच्याच घरी रॉकेलला येई, कारण झाकणाचा दुसरा डबा आमच्याकडे नव्हता.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. कपाशी माणसापेक्षा उंच वाढलेली, औषधे एकात एक मिसळलेली. बिहारच्या छपरा भागात २०१३ साली शाळेतले मध्यान्ह भोजन जेवून २३ मुले गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळले होते. मी रोज मुलांच्या पंगतीत उभा राहतो, त्यामुळे ती बातमी आजही मला जुनी वाटत नाही. मारण्याची इच्छा ह्यांपैकी कोणाची होती? कदाचित कोणाचीच नाही. मग चेतना नाही म्हणून दोष नाही, असे आपण म्हणणार काय? इथे डोळे असून कोणी पाहिले नाही, आणि हा चक्षुपालांचा दाखला नव्हे.

परसात चार वांगी, दोन मिरच्या लावणाऱ्यांना एवढेच सांगेन की मजुराच्या पाठीवर जे देऊ नये ते ओट्यावरही आणू नये. निंबोळीची ५ किलो पूड रात्रभर भिजवून १०० लिटर पाण्यात गाळून घेतली की ५ टक्के अर्क होतो. परसापुरती ५० ग्रॅमला लिटरभर पाणी पुरे, त्यात चिमूटभर साबण. मावा, तुडतुडे त्याने आटोक्यात राहतात. विकतचे औषध घ्यावेच लागले तर डब्यावरची तिरकी चौकट पाहा: खालचा अर्धा भाग लाल असेल तर विष सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो. आणि रिकामा डबा भोके पाडून निकामी करा, कितीही चांगला दिसला तरी.

पुढच्या रविवारी मी मावशीला हे सगळे सांगितले, जरा लांबलेच. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, दवाखान्यातली बाई म्हणती, ड्रमात गप्पी मासे सोडा, ते आळ्या खातात. मंग ते पाप माशाचं का?"

मी म्हणालो, मासा भुकेपोटी खातो, पण त्याला तिथे सोडणारे आपण. तेव्हा चेतना आपलीच. मोठ्या उघड्या हौदाला झाकण घालता येत नसेल तर सोडावेत, पण ते आपल्या नावावर धरावे.

"मंग ड्रमाला फडकंच बरं," ती म्हणाली, आणि जुन्या लुगड्याचे किती तुकडे निघतील ह्याचा हिशेब करीत घराकडे चालू लागली.