फ्रिजच्या दारातलं पाणी कोणाचं?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२ ते १६.

हे पाच श्लोक आपण बऱ्याचदा "यज्ञाचे श्लोक" म्हणून भरकन वाचतो आणि पुढे जातो. यज्ञ म्हटलं की डोळ्यांपुढे होमकुंड येतं आणि वाटतं, हे काही आपल्यासाठी नाही. पण सावकाश वाचा. इथे रोजच्या जेवणाचा नि पाण्याचाच हिशेब मांडलाय. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसामुळे येतं, पाऊस यज्ञामुळे आणि यज्ञ कर्मामुळे. असं हे एक फिरतं चाक आहे. जो या चाकातून नुसतं घेतो आणि परत काही घालत नाही, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. पापी म्हणायच्याही आधी चोर!

हा शब्द मला टोचतो. म्हणून आज तो घरातल्या एका साध्या वस्तूवर लावून बघूया: फ्रिजच्या दारावरचा पाण्याचा आणि बर्फाचा नळ.

ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सांगते. फ्रिजच्या दारात बाहेरून एक खोबण असते. ग्लासने आतली पट्टी दाबली की थंड पाणी येतं, दार उघडावं लागत नाही. काही फ्रिजना घरातल्या नळाची बारीक पाइप जोडलेली असते, मध्ये फिल्टर असतो आणि बर्फही आपोआप तयार होतो. आपल्याकडे बरेच जण घेतात त्या प्रकारात मात्र दाराच्या आतल्या बाजूला एक छोटी टाकी असते. ती हाताने भरावी लागते, अधूनमधून काढून धुवावीही लागते.

पिणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त पट्टी आणि पाणी दिसतं.

आणखी एक गोष्ट दिसत नाही. फ्रिज थंडावा "तयार" करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. शून्य अंशाच्या एक किलो पाण्याचा बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापेल. ती सगळी उष्णता स्वयंपाकघरात येते, जिथे कोणीतरी पोळ्या लाटत उभं असतं. माझ्या ग्लासातल्या थंडाव्याची किंमत दुसरं कोणीतरी थोडीफार मोजत असतं. चाक म्हणतात ते हेच.

आमच्या म्हसळ्याच्या घरी गेल्या उन्हाळ्यात असा फ्रिज आला. म्हसळ्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वाटेल, इथे पाण्याचं काय कौतुक? पण कोकणातलं पाणी पावसाळ्यात धो-धो येतं आणि उतारावरून समुद्राकडे निघून जातं. एप्रिल-मेमध्ये वाड्यांवरच्या विहिरी तळाला जातात आणि बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी अशाच एका वाडीवरून येतात. आमची टाकी रोज सकाळी त्याच भरतात. पाणी उकळायचं, निववायचं, गाळायचं, ओतायचं.

एकदा मावशींनी काम आटोपून ग्लास घेतला आणि पट्टी दाबली. घरी आलेल्या एक नातेवाईक आईला हळूच म्हणाल्या, "तिला माठातलं द्यायचं ना गं, याला कशाला हात लावू देतेस?" आई एवढंच म्हणाली, "वहिनी, टाकी तीच भरते."

विषय तिथे मिटला, पण माझ्या डोक्यात राहिला. माठातलं पाणी काही वाईट नसतं, उलट अनेकांना तेच गोड लागतं. प्रश्न थंडाव्याचा नव्हता. पट्टी कोणाच्या हाताने दाबायची, हा होता.

आपल्या परंपरेत पाणी देण्याला फार मोठं स्थान आहे. अक्षय्य तृतीयेला आपण उदककुंभ दान करतो, उन्हाळ्यात पाणपोया लावतो. संत एकनाथांची गोष्ट तर लहानपणापासून ऐकलेली: रामेश्वराला वाहायला काशीहून कावडीने आणलेली गंगा त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. त्यांना अभिषेक तिथेच घडला.

पण पाणी देणं आणि पाणी घेऊ देणं, यात फरक आहे. तो समजायला म्हसळ्याहून माणगावमार्गे महाडला जावं लागतं, आमच्याच जिल्ह्यात. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेले लोक चवदार तळ्यावर गेले आणि स्वतःच्या हातांनी पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव आधीच केला होता, पण तो कागदावरच होता. गुरंढोरं तिथे पाणी पीत, माणसांना मात्र बंदी. ते प्यायल्यानंतर तळ्याचं "शुद्धीकरण" केलं गेलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात संपायला १९३७ उजाडलं.

शास्त्र रोज वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वगळून पुढे जाता येत नाही. तळं अडवणारेही शास्त्राचंच नाव घेत होते. आणि तळ्यावर गेलेल्यांनी कोणाकडे ओंजळभर पाणी "मागितलं" नव्हतं. दया केली असती तर वरून ओतलेलं पाणी मिळालंही असतं. त्यांचं म्हणणं होतं, पाणी तुमचं नाहीच, मग देणारे तुम्ही कोण?

आता परत श्लोक १२ वाचा. मला तिथे हेच ऐकू येतं. जे मिळालंय ते मुळात दिलेलं आहे, आपण त्याचे मालक नाही. दान करतानाही "माझं मी देतोय" हा भाव शिल्लक राहू शकतो. भगवंत त्या "माझं"लाच हात घालतात.

तुम्ही म्हणाल, घर म्हणजे सार्वजनिक तळं नव्हे. बरोबर आहे. रस्त्यावरच्या कोणीही येऊन आपला फ्रिज वापरावा असं मी म्हणत नाहीये. पण जी व्यक्ती रोज आपल्या घरात येते, आपली भांडी घासते, आपल्यासाठी पाणी गाळते, ती घराबाहेरची कशी? तिच्यासाठी वेगळा ग्लास, वेगळा माठ, "थांबा, मी देते" असं म्हणणं, हे सगळं स्वच्छतेच्या नावाखाली चालतं. स्वच्छताच हवी असेल तर नियम घरातल्या सगळ्यांना सारखा लावा. हात धुऊन पट्टी दाबा, आणि टाकी वेळेवर धुवा.

आजसाठी दोन छोट्या गोष्टी.

एक: आज घरातली टाकी, बाटल्या किंवा माठ तुम्ही भरा. रोज कोण भरतं ते आधी विचारा. पुष्कळांना उत्तर माहीतच नसेल.

दोन: घरी कामाला येणाऱ्या माणसाला पाणी आणून देऊ नका. त्याऐवजी सांगा, "तहान लागली की इथून घेत जा." आणि ग्लास तोच ठेवा, जो तुम्ही वापरता.

होमकुंड लागत नाही. यज्ञ एवढ्यानेही सुरू होतो.

उद्या श्लोक १७ पासून. राम कृष्ण हरी.