धुराचे माप आणि कर्त्याचा भार

न्यायदर्शनातील अनुमानाचे प्रसिद्ध उदाहरण डोंगरावरील धुराचे आहे: धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत, सावित्रीच्या खोऱ्यात, हा प्रश्न उलटा होतो. अग्नी कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण बिरवाडीच्या अंगणात पोचलेला वायू कोणत्या धुरांड्याचा, हे डोळ्यांना कळत नाही. वायूला रूप नसते, स्पर्शावरून त्याचे अनुमान करावे लागते, असे प्राचीन वैशेषिक मानत. आजचे मापनही बव्हंशी अनुमानच आहे.

धुरांड्याच्या भिंतीतील छिद्रातून नळी आत सारून, आतील वायूच्या वेगानेच नमुना ओढला जातो, कारण वेग चुकला की जड कणांचे प्रमाण चुकते. ताशी किती किलो प्रदूषक बाहेर पडतो हे ठरल्यावर वाऱ्याचा वेग, लोटाची चढण आणि हवेची स्थिरता, म्हणजे तिचे थर एकमेकांत कितपत मिसळतात, यांवरून जमिनीवरील प्रमाणाचे गणित मांडतात. रूढ गणित सपाट भूमी गृहीत धरते. पोलादपूरकडे सह्याद्रीच्या कुशीत शिरणाऱ्या खोऱ्यात हे गृहीतक डळमळते. अशा खोऱ्यांत हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा तळाशी साचते, आणि ऊन चढून थर मोडले की वर अडकलेला धूर एकदम खाली उतरू शकतो.

लोटाची उंची दुप्पट झाली, तर जमिनीवरील कमाल प्रमाण साधारण चौथाईवर येते. बाहेर पडणारा भार मात्र तेवढाच राहतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार गंधकाच्या डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे. ती पाळली, म्हणजे विरळ झालेली हानी नाहीशी झाली काय? कर्मसिद्धान्तानुसार फळ कर्त्याकडे परतते. धुराचे फळ मात्र वारा जिकडे वाहील तिकडे राहणाऱ्याच्या वाट्याला येते, आणि धुरांडी अनेक असली की प्रत्येकाला आपला वाटा नगण्य म्हणता येतो.

२० मार्च १९२७ रोजी याच महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावरील समान हक्क बजावला. पाणी अडवता येत होते; हवा अडवताही येत नाही आणि टाळताही येत नाही, म्हणून ती दूषित करणाऱ्याची जबाबदारी अधिक जड ठरते. गावातील मायक्रोग्रॅम रहिवाशाच्या रक्षणासाठी मोजावेतच, परंतु कर्त्याचा दोष धुरांड्याच्या तोंडाशी, किलोत मोजला पाहिजे; वाऱ्याने केलेले विरळीकरण कारखानदाराच्या पुण्यात जमा धरता येत नाही.